हिवाळी श्रमदानाला पहिल्यांदा निघताना: इंदूर परिसरातील नवख्यांसाठी

दिवाळी आटोपली आणि गव्हा-हरभऱ्याची पेरणी मार्गी लागली, की इंदूरच्या भोवतालच्या टेकड्यांवर, तलावांच्या काठांवर आणि नाल्यांच्या पात्रांत श्रमदानाचे रविवार सुरू होतात. हे काम हिवाळ्यातच का करायचे, याचे उत्तर माळव्याच्या काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात ही माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय उचलणे जड जाते, आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळून इतकी टणक होते की टिकावाचा घाव उसळून वर येतो. कार्तिकापासून माघापर्यंत मात्र जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, गवत वाळू लागलेले असते पण वणव्यांचे दिवस अजून दूर असतात, आणि अंगमेहनतीची सवय नसलेल्या शहरी माणसालाही दुपारपर्यंतचे ऊन सोसवते. ज्यांनी आजवर पाताळपाणी आणि चोरल फक्त सहलीसाठी पाहिले आहे आणि टिकाव कधी हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी काम ठरवावे, मग ठिकाण

नवखा माणूस बहुधा ठिकाण बघून नाव नोंदवतो. धबधबा जवळ असला, फोटो चांगले येणार असले, की गर्दी होते. आणि तेथे गेल्यावर कळते की काम चढावर पोती वाहण्याचे आहे. म्हणून आधी काम कोणते, ते विचारावे. त्यासाठी या प्रदेशाची ठेवण थोडी माहीत असलेली बरी. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेजवळ वसले आहे. शहरातील कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे पाणी उत्तरेकडे क्षिप्रेत आणि पुढे चंबळेत जाते. महूच्या दक्षिणेला मात्र पठार एकदम तुटते आणि चोरल नदी नर्मदेच्या दिशेने खाली उतरते. म्हणजे महूच्या आसपास एकाच धारेच्या दोन अंगांना पडलेला पाऊस एकीकडून गंगेवाटे बंगालच्या उपसागराला आणि दुसरीकडून नर्मदेवाटे अरबी समुद्राला मिळतो. उत्तरेच्या सपाटीवर कामे असतात ती तलावांची आणि नाल्यांची, तर दक्षिणेच्या घाटात झुडपे काढणे, चर खणणे आणि जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणे ही.

कामांनाही त्यांचा त्यांचा महिना असतो. नाल्यांत पाणी वाहते आहे तोवर, म्हणजे नोव्हेंबरात आणि फार तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, बोरी-बांध, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचे बांध, घालतात. पाणी आटल्यावर घातलेला बांध म्हणजे नुसता पोत्यांचा ढीग. समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, तेही याच सुमारास खणावेत, कारण जानेवारी उलटला की मुरूम हाताला दाद देत नाही. डिसेंबर-जानेवारी घाणेरीची झुडपे काढण्याचे. जानेवारीतच पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. ती १९८७पासून चालू आहे, आणि ज्यांना पाठीचे वा गुडघ्याचे दुखणे आहे त्यांनी हे काम अवश्य मागून घ्यावे, त्यात कमीपणा काहीच नाही. मध्य प्रदेशात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरला जातो. तेव्हा जाळरेषांवरील गवत आणि पालापाचोळा त्याआधी हलवावा लागतो.

नाव नोंदवण्यापूर्वीचे चार प्रश्न

एकट्याने किंवा चार मित्रांनी मिळून कोयता घेऊन जंगलात शिरू नये. हेतू कितीही चांगला असला तरी वनविभागाच्या जमिनीवर परवानगीशिवाय फांदी तोडणे हा गुन्हा ठरतो, आणि रालामंडलसारख्या, १९८९पासून अभयारण्य असलेल्या जागी तर नुसते वाटेबाहेर जाण्यालाही मनाई असते. म्हणून जो गट काम काढतो त्याच्या प्रमुखाला निःसंकोच विचारावे: जमीन कोणाची आहे आणि रेंजरची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी कागदावर आहे का, काम काय आहे आणि ते कोण दाखवणार आहे, सर्वांत जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि गाडी दिवसभर जागेवर थांबणार आहे का, आणि हेच काम पुढच्या वर्षी कोण बघणार आहे. शेवटच्या प्रश्नावर जो प्रमुख गडबडतो, त्याच्या फलकावर कितीही मोठी अक्षरे असोत, तिकडे जाऊ नये असे माझे मत आहे. संवर्धनाच्या कामात एका रविवारचा उत्साह पुरत नाही. काढलेली झुडपे दोन पावसाळ्यांत परत येतात.

पहिल्या खेपेला घरापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल असे काम निवडावे. धार रस्त्यावरील सिरपूर तलाव त्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण तो शहराला लागूनच आहे. महूला इंदुराहून गाडी आणि बस दोन्ही मिळतात, पण महूच्या पुढे जंगलाच्या तोंडापर्यंत गटाचे वाहन असल्याशिवाय निभाव लागत नाही.

आदल्या रात्रीची तयारी

आमच्याकडच्या थंडीचा स्वभाव ओळखून कपडे घ्यावेत. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी १० अंशांच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली तर ५ अंशांपर्यंतही उतरते, पण दुपारी तेच २५ अंशांच्या वर जाते. जाड स्वेटर घालून आलेला माणूस नऊ वाजता घामाघूम होतो, तो स्वेटर काढून फांदीला अडकवतो, घामेजलेल्या अंगाला वारा लागतो, आणि सोमवारी ऑफिसात शिंकत बसतो. त्यापेक्षा आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, त्यावर पातळ लोकरी बंडी आणि वर वारा अडवणारे एखादे जाकीट असे थर असावेत, म्हणजे एकेक उतरवता येतो. सिंथेटिक शाल किंवा झुळझुळीत ट्रॅकपँट नको. काट्यात अडकली की फाटते. कानटोपी घेतल्यास ऐकू येईल अशी घ्यावी, कारण मागून कोणी "दगड आला" म्हणून ओरडले तर ते ऐकू यायला हवे.

पायांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. कॅनव्हासचे बूट, चपला, फ्लोटर यांतले काहीही चालत नाही. विलायती बाभळीचा काटा स्पोर्ट्स शूजचा तळवा आरपार भेदतो. मला एकदा तो अंगठ्याच्या मुळाशी लागला होता आणि टोक आत मोडून राहिल्याने आठवडाभर लंगडत जिना चढावा लागला. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट घ्यावेत. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत कामगारांसाठीचे बूट मिळतात, ते महागड्या गिर्यारोहणाच्या बुटांपेक्षा या कामाला बरे. दुसरा शत्रू कुसळी गवत. घाटातल्या उघड्या माळांवर ते भरपूर असते, आणि डिसेंबरात त्याची कुसळे पिकून सुटी होतात. कुसळाला खाली सुईसारखे टोक आणि वर पिळलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या वळण्या-सुटण्यातून ते टोक स्वतःच पुढे घुसत जाते. जमिनीत बी रोवून घेण्याची ही त्याची युक्ती, पण दवाने भिजलेला आपला मोजा त्याला जमिनीइतकाच मानवतो. म्हणून मोजे पँटच्या आत ठेवून वरून पोटरीला जाड कापडाची पट्टी गुंडाळावी. जुन्या जीन्सचे दोन पाय कापून केलेली पट्टी उत्तम.

पिशवीत दोन लिटर पाणी असावे. थंडीत तहान लागत नाही आणि म्हणूनच दुपारी डोके दुखते; तहान नसली तरी तासाला पेलाभर प्यावे. चामड्याचे हातमोजे, साधा चश्मा किंवा गॉगल, काटा काढायला चिमटा आणि सुई, जंतुनाशक, चिकटपट्टीचे रीळ, नेहमीची औषधे, आणि एक बदलण्याचा सदरा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. अत्तर, सुगंधी तेल किंवा डिओडरंट त्या दिवशी लावू नये. त्याचे कारण पुढे येईल.

जागेवर पोहोचल्यावर

साडेसातला पोहोचायचे ठरले असेल तर सव्वासातला पोहोचावे, कारण अवजारांचे वाटप आणि सूचना पहिल्या दहा मिनिटांत होतात आणि उशिरा येणाऱ्याला जे उरते ते मिळते, म्हणजे बहुधा दांडा हलणारी कुदळ. इथे भाषेचाही एक छोटा धडा आहे. आपण घरात ज्याला टिकाव म्हणतो त्याला जागेवरची माणसे गेंती म्हणतात, आपले घमेले त्यांची तगारी, पहार म्हणजे सब्बल आणि विळा म्हणजे दरांती. "भिया, सब्बल पकडाना" असे कोणी म्हणाले आणि आपण बघतच राहिलो, तर काम थांबते.

अवजार हातात घेतल्यावर आधी दांडा तपासावा. दांड्यावर चीर आहे का ते बोट फिरवून पाहावे, आणि पाते किंवा फाळ हलत असेल तर दांडा पाण्यात भिजवून किंवा पाचर ठोकून घट्ट करून घ्यावा. टिकाव मारताना पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे. घाव नेहमी दोन पायांच्या मधल्या रेषेत पुढे पडावा, पायाकडे येऊ नये. नवखी माणसे टिकाव डोक्याच्या मागे नेतात आणि पूर्ण ताकदीने आपटतात; शेतात जन्म गेलेली माणसे तो कपाळापर्यंत उचलतात आणि त्याच्या वजनाने पडू देतात. फरक अकरा वाजता दिसतो. दोन माणसांमध्ये टिकावाच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवावे, अवजार खाली ठेवताना धार जमिनीकडे करून ठेवावी, आणि खांद्यावर टाकून रांगेत चालू नये. हातात, पात्याकडचे टोक पुढे आणि खाली धरून चालावे.

घाणेरी कशी काढावी

महूच्या घाटात आणि रालामंडलच्या उतारांवर नवख्याला बहुधा हेच काम मिळते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात आणि वनविभागाची माणसे सरळ लेंटाना म्हणतात, ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन बिया सर्वदूर नेल्या. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, सागाचे वा धावड्याचे रोप वर येत नाही, आणि गुरांनी चुकून तिचा पाला खाल्ला तर त्यांना कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी चार रविवार खपून टेकडीचा एक उतार साफ केला. साफ केला म्हणजे कोयत्याने गुडघ्याच्या उंचीवर छाटला. जागा मोकळी झाली, आम्ही फोटो काढले. गटाच्या प्रमुखांनीही तसेच सांगितले होते, त्यामुळे आपले काही चुकले असे कोणाच्या मनात आले नाही. पुढच्या भाद्रपदात गेलो तेव्हा प्रत्येक खुंटाला आठ-आठ, दहा-दहा नवे धुमारे फुटलेले होते आणि जाळी आधीपेक्षा दाट झाली होती. जवळच गुरे चारणारे एक म्हातारेबाबा आमच्याकडे बराच वेळ पाहत होते, शेवटी म्हणाले, "भिया, ऊपर-ऊपर से मत काटो, नीचे से निकालो." मी त्यांना विचारले, बाबा, हे तेव्हाच का नाही सांगितलेत? ते म्हणाले, तुम्ही विचारले कुठे.

त्यांनी सांगितलेली गोष्ट शास्त्रालाही धरून आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरी काढण्याची जी पद्धत रूढ केली तिचे सार असे: खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या भागातूनच नवे धुमारे फुटतात, तेव्हा घाव त्या भागाच्या खाली, म्हणजे जमिनीच्या ३ ते ५ सेंटिमीटर आत, मुख्य मुळावर बसला पाहिजे. सगळे मूळ खणून काढायची गरज नसते आणि ते खणूही नये, कारण तेवढी माती मोकळी केली की पहिल्याच पावसात ती वाहून जाते आणि उकरलेल्या जागी घाणेरीचेच बी रुजते.

हे काम दोघांनी करावे. एकाने लांब काठीच्या बेचक्याने फांद्यांचा जुडगा एका बाजूला रेटून धरावा, म्हणजे बुंधा दिसतो. दुसऱ्याने बुंध्याभोवतीचा पाला हाताने नव्हे, तर कुदळीच्या टोकाने बाजूला करावा आणि मग अरुंद पात्याच्या कुदळीने तिरपा घाव घालावा. मूळ तुटल्याचा आवाज वेगळा असतो, ओले लाकूड मोडल्यासारखा दबका. तो ऐकू आला की झुडूप सैल होऊन काठीवर येते. आता ते उलटे करायचे, मुळे आकाशाकडे आणि फांद्या खाली. सरळ टाकले तर ओल्या जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळे फुटतात. उलटे ठेवले की ऊन लागून वाळते. फळांनी लगडलेले झुडूप साफ केलेल्या जमिनीवरून ओढत नेऊ नये, नाहीतर आपणच पेरणी करतो. मोठ्या झाडांच्या खाली, जेथे पक्षी बसतात, तेथे रोपे पुन्हा येणारच हे धरून चालावे. आणि एक: जाळीच्या आत आवळ्याची, पळसाची किंवा धावड्याची रोपटी दबून उभी असतात. घाव घालण्यापूर्वी ती शोधून त्यांना कापडाची चिंधी बांधावी. दिवसभरात दोघांनी वीस झुडपे काढली आणि रोपटी वाचवली तर ते काम चांगले झाले. साठ काढली असे सांगणाऱ्यांचे खुंट जाऊन पाहावेत.

बोरी-बांध

हे काम दिसायला सोपे आणि पाठीला अवघड. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घेऊन, ती माती-वाळूने भरून नाल्यात आडवी रचायची, म्हणजे पावसाळ्यानंतरचे वाहते पाणी काही आठवडे थांबते, आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळतो आणि हरभऱ्याला एखादे पाणी अधिक देता येते. जागा अशी निवडतात की पात्र अरुंद आणि दोन्ही काठ पक्के असतील. माती काठ उकरून घेऊ नये. वरच्या अंगाचा पात्रातला गाळच भरावा, म्हणजे खोलीही वाढते. पोते दोन-तृतीयांशच भरायचे. तोंडोतोंड भरलेले पोते गोल होते, त्यावर दुसरे बसत नाही आणि फटींतून पाणी निघून जाते. थोडे सैल असले की ते दाबून चपटे होते आणि शेजारच्याला चिकटते. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवावे. नुसती गाठ मारलेली पोती रात्रीतून सुटलेली मी पाहिली आहेत.

रचताना तळाची ओली माती आणि पालापाचोळा काढून कठीण थरापर्यंत जावे, पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवावा, आणि भिंतीतल्या विटांप्रमाणे वरच्या पोत्याने खालचा सांधा झाकावा. दोन समांतर रांगांच्या मधे चिकण काळी माती भरून ती पायांनी तुडवली की बांध खरा धरतो. हे तुडवण्याचे काम लहान मुले आनंदाने करतात. माथ्याचा मधला भाग बाजूंपेक्षा वीतभर खाली ठेवावा आणि त्याच्या पलीकडे पाणी पडते तेथे दगड मांडावेत, नाहीतर वरून गेलेले पाणी काठ कापते. दोन-तृतीयांश भरलेले पोतेही तीसेक किलोचे होते. म्हणून साखळी करून ती पुढे द्यावीत आणि देताना कंबरेतून पिळ न देता पावलांसकट वळावे. पोती प्लॅस्टिकची असतात, उन्हाने त्यांच्या चिंध्या होतात. मे महिन्यात ती काढून नेण्याची जबाबदारी कोणाची, ते बांध घालतानाच ठरवावे. बहुतेक गट ही गोष्ट विसरतात आणि पावसाळ्यात नाल्याकाठच्या बाभळींना पांढऱ्या चिंध्या लोंबताना दिसतात.

चर, तलाव आणि जाळरेषा

समतल चर खणताना खणण्यापेक्षा आखणी महत्त्वाची. चराची रेषा सर्वत्र एकाच पातळीवर हवी. त्यासाठी लाकडाचा ए-फ्रेम (इंग्रजी 'ए'च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. रेषा एका टोकाला वीतभर जरी उतरली, तरी सगळे पाणी तिकडे धावते आणि चराचा ओहोळ होतो. निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकावी. हे काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते ते पाहायचे असेल तर इंदुराहून सुमारे दीडशे किलोमीटरवरील झाबुआला हाथीपावा टेकडीवर होणारा हलमा पाहावा. हलमा ही भिल्ल समाजाची जुनी रीत आहे: एकाने हाक दिली की गावाने मोबदल्याशिवाय त्याच्या कामाला धावायचे. ती रीत पाणी अडवण्याच्या कामाकडे वळवण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्या महेश शर्मा यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. तेथे शहरातून जाणाऱ्याने शिकवण्याच्या आवेशात जाऊ नये. टिकाव कपाळापर्यंतच उचलायचा असतो, हे मी तेथेच शिकलो.

तलावांचे काम त्यामानाने हलके पण अधिक शिस्तीचे. होळकरांच्या काळात बांधलेले सिरपूर (१६१ हेक्टर) आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर (सुमारे ८२३ हेक्टर) हे दोन्ही तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे उतरलेले असतात, आणि यशवंत सागरच्या बाजूच्या शेतांत सारसांच्या जोड्या दिसतात. म्हणून काठावर आठ-दहा जणांच्या वर एकत्र जाऊ नये, भडक रंगाचे कपडे नकोत, आणि मोबाइलवर गाणी तर मुळीच नकोत. पाण्यात कंबरेच्या वर कोणीही उतरू नये. गाळात रुतलेला पाय जोराने ओढला की माणूस आडवा होतो. काढलेली जलपर्णी काठापासून लांब, पाणी चढणार नाही अशा उंचीवर टाकावी. काठाची बेशरम नावाची झुडपे तोडताना एकही तुकडा चिखलात राहू देऊ नये, कारण बेशरमेची हातभर कांडी जेथे पडते तेथे रुजते. नाव उगीच मिळालेले नाही.

जाळरेषेवर दंताळ्याने पाला ओढून पट्टा मोकळा करणे एवढेच आपले काम. तो पाला पेटवणे हे फक्त वनविभागाच्या माणसांचे काम, आणि त्या वेळी स्वयंसेवकाने तेथे नसावे.

ज्यांची भीती बाळगावी आणि ज्यांची नको

बिबट्याची भीती सर्वांना असते आणि ती सर्वांत कमी उपयोगाची. घाटात बिबटे आहेत, पण बोलत-चालत काम करणाऱ्या गटापासून ते दूर राहतात. एकट्याने झाडीत आडोशाला जाऊ नये, एवढे पुरे. साप थंडीत नसतात हा मात्र घातक समज आहे. घोणशीचा मीलनाचा काळच हिवाळ्यात येतो, आणि फुरसे दगडाखाली सकाळच्या उन्हाची वाट पाहत बसलेले असते. दगड उचलताना तो आपल्याकडे कलवावा, म्हणजे त्याची उघडी बाजू पलीकडे राहते. पाल्यात हात घालण्यापूर्वी काठी घालावी. दंश झालाच तर कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांतले काही करू नये. तो अवयव न हलवता माणसाला निजवून १०८ला फोन करावा आणि गटाचे वाहन असेल तर त्यातून सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याच्या भरीस पडू नये.

आग्या माशांची पोळी उंच झाडांना आणि कड्यांना लोंबतात. सुगंध, धूर आणि धक्का यांनी त्या चवताळतात. अत्तर लावू नये म्हटले ते यासाठी. माशा उठल्याच तर तोंड सदऱ्याने झाकून सरळ पळावे, हात झाडू नयेत.

मला विचाराल तर नवख्याला सर्वांत जास्त रडवते ती खाजकुइली, जिला इकडे केवाच म्हणतात. डिसेंबरपासून तिच्या शेंगा पिकतात; वेल वाळलेली असते, शेंगांवर मखमलीसारखी सोनेरी-तपकिरी लव असते, आणि ती इतकी सुंदर दिसते की हात लावावासा वाटतो. लव कातडीत रुतली की जी खाज सुटते तिला तोड नाही. चोळू नये, लगेच पाणीही लावू नये. चिकटपट्टी त्या जागी दाबून उचलावी, नवी पट्टी घेऊन पुन्हा दाबावी, मग साबणाने धुवावे आणि कपडे बदलावेत. चिकटपट्टीचे रीळ आणि जादा सदरा पिशवीत आहे तो म्हणूनच.

जेवण आणि गावाशी वागणूक

साडेदहाच्या सुमारास पहिली विश्रांती होते. तेव्हा गूळ-शेंगदाणे, तिळाचा लाडू किंवा मेथीचा धपाटा खावा. पोहे-जिलबी खाऊन निघालेल्या माणसाला त्या वेळी हटकून भूक लागते. काही गट दुपारी दाल-बाफल्यांचा बेत ठेवतात. बेत अप्रतिम असतो, पण तुपात भिजलेले चार बाफले खाल्ल्यावर टिकाव उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाफले असतील तर अवघड काम त्याआधी उरकावे.

जाण्याच्या वाटा शेतांमधून जातात. बांधावरूनच चालावे, गव्हात पाऊल टाकू नये, आणि हरभऱ्याला घाटे धरले असले तरी विचारल्याशिवाय हुळ्यासाठी एक डहाळी तोडू नये. गावकऱ्यांना "तुमच्यासाठी आम्ही आलो आहोत" असे चुकूनही म्हणू नये. त्याऐवजी विचारावे: हा नाला पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, ही झुडपे केव्हापासून आली, गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर जातात. वाट माहीत नसल्याने गुरांच्या पाणवठ्यावरच चर खणून ठेवल्याची उदाहरणे आहेत, आणि तो चर दुसऱ्या दिवशी बुजवला गेला तर दोष गावाचा नव्हे.

परतल्यावर

निघण्यापूर्वी अवजारे मोजून परत द्यावीत आणि पात्यांची माती खरवडून काढावी, कारण घाणेरी आणि गाजरगवताचे बी मातीबरोबरच दुसऱ्या जागी जाते. बूटही तेथेच आपटून झाडावेत. घरी आल्यावर मोज्यांतून काढलेली कुसळे आणि गोखरू बाल्कनीतल्या कुंडीत टाकू नयेत. कागदात घट्ट गुंडाळून कचऱ्यात द्यावेत. रात्री अंग दुखेल, ते तिसऱ्या दिवशी कमी होते. पण ज्या जागी काटा मोडला असेल आणि लाली पसरत असेल तेथे घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

त्याच आठवड्यात एका वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कोणत्या उतारावर, कोणत्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत काम केले, आणि किती खुंट काढले. ही वही आषाढात लागते. पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी त्याच जागी जाऊन पाहावे. ज्या खुंटाला धुमारे फुटले असतील तेथे घाव वर पडला होता, आणि मोकळ्या जागी घाणेरीची बोटभर रोपे उगवलेली दिसतील; ओल्या जमिनीतून ती मुळासकट नुसत्या हाताने उपटून येतात, त्या वेळी टिकाव न्यावा लागत नाही.